गाळातलं उधाण

हार्बर लाइनची लोकल मानखुर्द सोडून वाशीच्या खाडीपुलावर चढली की खिडकीतून दिसणारी खाडी रोज वेगळी असते. कधी पाणी खांबांना चढलेलं, कधी दूरवर नुसता काळपट चिखल आणि त्यात माना खाली घालून चरणारे रोहित, म्हणजे आपले फ्लेमिंगो. साधारण बारा तास पंचवीस मिनिटांनी भरती येते, म्हणून रोज ती पन्नासेक मिनिटं पुढे सरकते. दिवाळे किंवा सारसोळ्याच्या कोळ्याचं मात्र भरतीच्या वेळेवर भागत नाही. ती उधाणाची की भांगाची, हे त्याला आधी हवं असतं. अवस-पुनवेच्या आगेमागे पाणी खूप चढतं आणि तितकंच उतरतं, ते उधाण. अष्टमीच्या सुमाराला हा चढउतार मंदावतो, तो भांग.

आता समजा, कोणी पुलाच्या खांबावर पाण्याच्या उंचीची महिनोन्महिने नोंद केली, पण तारखा घातल्याच नाहीत. ती रेघ हातात आली तर भरत्या मोजता येतील. उंची कमीजास्त होते त्यावरून पंधरवडेही मोजता येतील. पण यातला अमुक पंधरवडा मार्गशीर्षातला की चैत्रातला, हे त्या रेघेत कुठेच सापडणार नाही. त्यासाठी वेगळी खूण लागेल. नोंदीच्या कडेला कोणी ‘आज रोहित दिसू लागले’ आणि पुढे केव्हातरी ‘आजपासून दिसेनासे झाले’ असं लिहून ठेवलं असेल, तर गाठ बसते. पावसाळा सरल्यावर ते येतात आणि पुढचा पाऊस तोंडावर आला की बहुतेक निघून जातात. ऋतू पक्ष्यांनी सांगायचा, दिवस भरतीने.

खोल समुद्राच्या तळावरच्या गाळाचं वय काढण्याची रीत हुबेहूब अशी आहे. तिथली भरती-ओहोटी हजारो वर्षांची असते आणि ती पृथ्वीच्या कक्षेतल्या व अक्षातल्या बदलांमुळे येते. तिथले रोहित म्हणजे वाळूच्या कणाएवढे किंवा त्याहूनही बारीक सूक्ष्मजीवाश्म. दोन्हींपैकी एकावर विसंबून काढलेल्या वयावर माझा विश्वास बसत नाही. का, ते सांगण्यासाठीच हा लेख.

संक्रांतीचा चोवीस दिवसांचा फरक

संक्रांतीला तिळगूळ देताना आपण म्हणतो, आजपासून उत्तरायण. सूर्य उत्तरेकडे सरकायला खरी सुरुवात २१-२२ डिसेंबरलाच झालेली असते. हा चोवीसेक दिवसांचा फरक पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो म्हणून पडला आहे. पंचांगवाले त्याला संपातचलन म्हणतात. सुमारे ७२ वर्षांत एक दिवस या गतीने फरक वाढतो, म्हणजे साधारण १,७०० वर्षांपूर्वी संक्रांत आणि उत्तरायण एकाच दिवशी होतं. अक्षाची पूर्ण फेरी जवळजवळ २६ हजार वर्षांची. लोकमान्य टिळकांनी वेदांचा काळ ठरवायला याच संपातचलनाचा आधार घेतला होता, त्यामुळे आकाशावरून जुना काळ मोजण्याची कल्पना मराठी माणसाला परकी नाही.

गाळात मात्र २६ हजारांचं चक्र सापडत नाही. पृथ्वीची लंबगोल कक्षा स्वतःही हळूहळू फिरत असते, त्यामुळे उन्हाळा आणि सूर्याजवळचा टप्पा यांची गाठ पुन्हा पडायला २६ ऐवजी १९ ते २३ हजार वर्षं लागतात. आज पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर. जुलैच्या सुरुवातीला हेच अंतर १५.२ कोटी असतं. आकडे जवळचे वाटतात, पण मिळणाऱ्या उन्हात जवळजवळ सात टक्क्यांचा फरक पडतो. सुमारे ११ हजार वर्षांपूर्वी नेमकं उलट होतं. उत्तर गोलार्धातला उन्हाळा सूर्याजवळ येत होता, आशियाची जमीन जास्त तापत होती आणि मोसमी वारे आजच्याहून जोरकस होते. ठाण्यात पडणारा पाऊस आणि ओमानच्या किनाऱ्यापाशी खालून वर येणारं थंड, पोषक पाणी, दोन्हींची दोरी या वाऱ्यांच्या हातात आहे. त्या पाण्यातल्या जीवांची कवचं तळाशी बसतात, म्हणून अरबी समुद्राच्या गाळात हे चक्र ठळक उमटतं.

दुसरं चक्र अक्षाच्या कलाचं. कल २२.१ ते २४.५ अंशांच्या दरम्यान ४१ हजार वर्षांनी खालीवर होतो. ते बरंच सरळ आहे.

तिसऱ्यापाशी थांबायला हवं. कक्षा कधी जवळजवळ गोल असते, कधी अधिक लांबट. या बदलाला विकेंद्रता म्हणतात. तिची चक्रं साधारण एक लाख वर्षांची आणि ४,०५,००० वर्षांची. विकेंद्रतेमुळे वर्षभरात मिळणाऱ्या एकूण उन्हात अगदी नगण्य फरक पडतो. तिचं खरं काम वेगळं आहे. कक्षा गोल असेल तर सूर्याजवळ आणि सूर्यापासून लांब याला अर्थच उरत नाही, त्यामुळे संपातचलनाचा परिणाम विरतो. कक्षा लांबट झाली की तोच परिणाम अंगावर येतो. म्हणजे संपातचलन ही भरती आणि विकेंद्रता हे उधाण-भांग. एक लाख वर्षांच्या एका जुडीत संपातचलनाच्या पाचेक लाटा, आणि अशा चार जुड्यांची एक मोठी जुडी. गाळात या जुड्या ओळखता आल्या की निम्मं काम झालं.

४,०५,००० वर्षांचं चक्र शुक्र आणि गुरू यांच्या कक्षांच्या परस्पर ओढीतून येतं. गुरू इतका अवजड आहे की हे चक्र कोट्यवधी वर्षं ढळत नाही. बाकी चक्रांचं तसं नाही. ग्रहांच्या गतीत थोडी अनिश्चितता मुळातच असते आणि ती काळात मागे जावं तशी फुगत जाते. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जाक लास्कार यांच्या गणितानुसार साधारण पाच कोटी वर्षांपलीकडे कक्षेचा तपशीलवार इतिहास काढता येत नाही. त्यापलीकडे भरवशाचं असं हे ४,०५,००० वर्षांचंच चक्र उरतं.

दोन सेंटिमीटरात हजार वर्षं

खुल्या खोल समुद्रात हजार वर्षांत एक ते तीन सेंटिमीटर गाळ साठतो. दोन सेंटिमीटर धरले तर शिवराज्याभिषेकापासून आजपर्यंत तिथे जेमतेम सात मिलिमीटर थर बसला. ठाण्याच्या खाडीच्या चिखलात हा खेळ करता येत नाही. गाळ भराभर साठतो, भरती तो रोज ढवळते, आणि खाडीला मुळात तेवढं वय नाही. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्याहून जवळजवळ १२० मीटर खाली होती. आज ऐरोलीच्या पुलाखालून पाणी वाहतं तिथे तेव्हा कोरडी दरी होती.

खोल समुद्रातला गाळ पिस्टनच्या नळीने काढतात. नळी एका झटक्यात गाळात घुसते आणि साडेनऊ मीटर लांबीचा गाभा वर येतो. जहाजावर त्याचे दीड-दीड मीटरचे तुकडे करतात, मग प्रत्येक तुकडा उभा चिरतात. एक अर्धा संग्रहासाठी, दुसरा कामासाठी. पहिली चूक याच पायरीवर होते. एका विवरातून एकाखाली एक गाभे काढले तरी दोन गाभ्यांच्या मध्ये अर्धा-एक मीटर गाळ हरवतो, कारण लाटांबरोबर जहाज खालीवर होतं आणि नळीचं तोंड ठरल्या जागी बसत नाही. दर हजार वर्षांना दोन सेंटिमीटर या हिशोबाने एक मीटर म्हणजे ५० हजार वर्षं, संपातचलनाच्या दोनाहून जास्त लाटा. भरती मोजताना एक दिवस झोप लागावी तसं हे. म्हणून शेजारीशेजारी दोन-तीन विवरं खणतात आणि प्रत्येकाची खोली मुद्दाम थोडी सरकवतात. गाळाचा रंग आणि चुंबकीय गुण यांचे आलेख एकमेकांवर ठेवून, एका विवरातली फट दुसऱ्याच्या तुकड्याने भरून अखंड पट्टी जोडतात. वरचा दाब गेल्यामुळे गाळ फुगतो, म्हणून ही जोडपट्टी प्रत्यक्ष खोलीपेक्षा साधारण दहा टक्के लांब भरते. हे विसरून साठण्याचा वेग काढला की तोही तेवढाच फुगतो.

प्रत्येक गाभ्याच्या डोक्याकडचे काही सेंटिमीटर टाकून द्यायचे. विवराच्या भिंतीवरून ढासळलेला वरचा, तरुण गाळ तिथे जमलेला असतो. त्यातला एखादा नवा जीव खालच्या जुन्या थरात आहे असं वाटलं की पुढचं सगळं चुकतं.

नमुने किती अंतराने घ्यायचे? गणित म्हणतं, एका लाटेला किमान दोन. एवढ्यावर काम करू नये. साठण्याचा वेग मध्येच निम्मा झाला तर लाट हातातून निसटते. हजार वर्षांना दोन सेंटिमीटर असेल तर दर पाच सेंटिमीटरला एक नमुना घ्यावा. मग संपातचलनाच्या लाटेला आठेक नमुने येतात. याहून दाट घेऊन फारसा लाभ नाही, कारण तळावरचे किडे वरचा पाच-दहा सेंटिमीटर गाळ उकरून कालवत असतात.

चाळणीतले रोहित

दहा घन सेंटिमीटर गाळ घ्या. ४० ते ५० अंशांवर वाळवा. जास्त तापवला तर चिकणमाती भाजून घट्ट होते. वजन करा आणि रात्रभर पाण्यात भिजत ठेवा. मग ६३ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चाळणीवर हलक्या फवाऱ्याने धुवा. बोटाने चोळायचं नाही, कवचं फुटतात. चिकणमाती वाहून जाते आणि चाळणीत बारीक पांढरी वाळू उरते. भिंगाखाली धरली की कळतं, ही वाळू म्हणजे जवळजवळ सगळी फोरॅमिनिफेराची, समुद्रातल्या एकपेशी जीवांची, कवचं आहेत.

दोन नमुन्यांच्या मध्ये चाळणी मिथिलीन ब्लूच्या पाण्यात बुडवतात. जाळीत आधीच्या नमुन्याचं कवच अडकलं असेल तर ते निळं पडतं आणि पुढच्या नमुन्यात निळा कण दिसला की तो उचलून टाकायचा. प्रयोगशाळेतल्या सगळ्या युक्त्यांमध्ये मला ही सर्वांत मोलाची वाटते. दोन पैशांचा रंग, पण हजारो वर्षांची चूक वाचवतो.

वाळलेली वाळू १५० मायक्रॉनच्या चाळणीतून काढायची आणि विभाजकाने निम्मी-निम्मी करत सुमारे ३०० कवचं उरतील इथवर आणायची. काळ्या ट्रेवर पसरून, ट्रिपल झिरोचा ब्रश किंचित ओला करून एकेक कवच उचलायचं. हिंदी महासागराच्या गाळात काम करणाऱ्याचे डोळे एका कवचाला शोधत असतात, ग्लोबिजेरिनॉइडिस रुबरच्या गुलाबी रूपाला. आकार मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढा, शेवटच्या वेढ्यात तीन फुगीर कप्पे, मुख्य तोंडाशिवाय पाठीच्या बाजूला जादा छिद्रं, आणि पांढऱ्या गर्दीत ओळखू येणारा फिकट गुलाबी रंग. अटलांटिकमध्ये हा जीव अजून जगतो आहे. हिंदी आणि प्रशांत महासागरातून तो सुमारे १,२०,००० वर्षांपूर्वी नाहीसा झाला. म्हणजे इथल्या गाळात वरून खाली जाताना ज्या सेंटिमीटरला पहिला गुलाबी कण भेटतो, तिथे १,२०,००० लिहिता येतं.

‘भेटत नाही’ याचा अर्थ मात्र जपून लावावा लागतो. गुलाबी रुबरचं प्रमाण एक टक्का असेल आणि तुम्ही ३०० कवचं तपासलीत, तर ते असूनही एकसुद्धा न सापडण्याची शक्यता पाच टक्के उरते. वीस नमुन्यांत एकदा तुम्ही चकणार. म्हणून सीमेच्या आसपास विभाजन न करता सगळी वाळू तपासावी, आणि सीमा लिहिताना शेवटचा सापडलेला व पहिला न सापडलेला नमुना यांच्या मधला बिंदू लिहून दोन्हीकडे निम्मं अंतर चुकीसाठी सोडावं. पाणी फार खोल असेल तर कवचं विरघळतात. नाजूक रुबर आधी जातं, मेनार्डी ही दुसरी जाडजूड जात टिकून राहते. तुटक्या कवचांचं प्रमाण जास्त दिसलं तर गुलाबी कण नसण्याला काही किंमत देऊ नये. आणखी एक धोका वरच्या उतारांवरून वाहून आलेल्या जुन्या कवचांचा. रोहित निघून गेल्यावरही त्यांची पिसं चिखलात सापडतातच. म्हणून एकट्या शेवटच्या कणावर न जाता प्रमाणाचा आलेख कुठे कोसळतो ते बघायचं.

याहून बारीक जग नॅनोजीवाश्मांचं, म्हणजे समुद्रातल्या एकपेशी शेवाळांच्या काही मायक्रॉनच्या चुनखडी अवशेषांचं. त्यासाठी टूथपिकच्या टोकावर येईल एवढा गाळ पुरतो. पाण्याच्या थेंबात काचेवर पसरायचा, गरम तव्यावर वाळवायचा, अतिनील प्रकाशात घट्ट होणाऱ्या चिकटद्रवाने काच लावायची आणि तेलाच्या भिंगाखाली हजारपट मोठं करून बघायचं. दहा मिनिटांचं काम. जहाजावर गाभा वर आल्याबरोबर त्याच्या तळाच्या चिमूटभर गाळावरून हेच करतात आणि तासाभरात ढोबळ वय फळ्यावर येतं. आडव्या-उभ्या ध्रुवित प्रकाशात कोकोलिथ, म्हणजे या शेवाळांच्या पेशीवरच्या चकत्या, काळ्या क्रॉससह चमकतात. चांदणीच्या आकाराचे डिस्कोॲस्टर मात्र त्या प्रकाशात बहुतेक काळेच राहतात. साधा प्रकाश केला की चांदण्या उमटतात. डिस्कोॲस्टर ब्राउवेरी ही सहा हातांची चांदणी १९.३ लाख वर्षांपूर्वी संपली. संपण्याआधी दोन लाख वर्षं तिच्या बरोबरीने तीन हातांच्या चांदण्या बऱ्याच वाढतात. तीन हातांच्या चांदण्या दिसू लागल्या की सीमा जवळ आली, हे अनुभवी डोळ्याला कळतं. एमिलियानिया हक्सलेई अवतरते २.९ लाख वर्षांपूर्वी, स्यूडोएमिलियानिया लॅक्युनोसा मावळते ४.४ लाखांपूर्वी. अशी ही यादी लांब आहे.

समजा गुलाबी कण २.४५ मीटरवर सापडला

आता दोन्ही घड्याळं एकत्र आणू. समजा अरबी समुद्रातल्या वीस मीटरच्या गाभ्यात पहिला गुलाबी रुबर २.४५ मीटरवर भेटला. १,२०,००० वर्षांत २४५ सेंटिमीटर, म्हणजे हजार वर्षांना २.०४. हा वेग टिकला असेल तर हक्सलेई ५.९ मीटरवर सुरू व्हायला हवी, लॅक्युनोसा ९ मीटरवर संपायला हवी. आणि गाळात दिसणाऱ्या लाटांची लांबी आधीच सांगता येते: संपातचलन सुमारे ४३ सेंटिमीटर, कल ८४ सेंटिमीटर, छोटी विकेंद्रता दोन मीटर, मोठी सव्वाआठ मीटर. लांबीपेक्षा महत्त्वाचं आहे ते त्यांचं प्रमाण, एकास दोनास पाचास वीस. वेग कितीही असो, खगोलाने घडवलेल्या लाटांमध्ये हे प्रमाण सापडायलाच हवं.

आता लाटा मोजायच्या. तळावर राहणाऱ्या फोरॅमिनिफेराची, शक्यतो सिबिसिडॉइडिस वुलरस्टॉर्फीची काही कवचं घेऊन, स्वच्छ करून ७० अंशांवर फॉस्फोरिक आम्लात विरघळवतात आणि निघालेल्या वायूतलं ऑक्सिजन-१८चं, म्हणजे जड ऑक्सिजनचं, प्रमाण मोजतात. हिमयुगात हलका ऑक्सिजन-१६ बर्फात अडकून पडतो, म्हणून समुद्र आणि त्यातली कवचं जड होतात. हा आलेख जगभर सारखा चालतो. २००५ मध्ये लोरेन लिसिएकी आणि मॉरीन रेमो यांनी ५७ गाभ्यांचे असे आलेख जोडून ५३ लाख वर्षांचा एक संदर्भपट्टा तयार केला. नवा गाभा त्याच्याशेजारी ठेवून बघायचा हे आता रोजचं झालं आहे.

समजा लॅक्युनोसा ९ ऐवजी ८.१ मीटरवरच संपलेली सापडली. ९० सेंटिमीटर कुठे गेले? वेग मंदावला असेल तर त्या भागातल्या सगळ्या लाटा थोड्या-थोड्या आखूड दिसतील. गाळ खरवडला गेला असेल तर लाटा पूर्ण लांबीच्या दिसतील, पण कुठेतरी कलाची एक लाट गळलेली असेल आणि त्या जागी रंगात, पोतात एकदम बदल असेल. जीवाश्म नसता तर ती गळलेली लाट कोणाच्या लक्षातच आली नसती. मोजणाऱ्याने निर्धास्तपणे पुढची लाट मागच्या लाटेला जोडली असती. आणि नुसता जीवाश्म असता तर १,२०,००० आणि ४,४०,००० यांच्यामध्ये एक सरळ रेघ ओढून आपण समाधान मानलं असतं. प्रत्येकाची चूक दुसऱ्याला दिसते, म्हणून मला दोघे हवेत.

तिसरा साक्षीदार मिळाला तर सोडू नये. सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीचा महाउद्रेक सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी झाला आणि त्याची राख अरबी समुद्रातही पोहोचली. आपल्या गाभ्यात ती दीड मीटरच्या आसपास असायला हवी. राख दिसली म्हणून ती टोबाचीच, असं धरू नये. काचकणांचं रसायन जुळवावं. पुणे जिल्ह्यात कुकडीकाठी बोरी इथे सापडलेल्या राखेचं वय कोणी १४ लाख काढलं, कोणी ७५ हजार, आणि वाद वर्षानुवर्षं चालला.

चौथा साक्षीदार पृथ्वीचं चुंबकत्व. नवी मुंबईत नवीन पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मुख्यालय आहे, तिथून हा विषय घराजवळचाच म्हणायचा. चुंबकीय उत्तर-दक्षिण शेवटची उलटली ती आज ७,७३,००० वर्षांपूर्वी मानतात, आपल्या गाभ्यात १५.८ मीटरवर. विषुववृत्ताजवळ चुंबकीय रेषा आडव्या असतात, त्यामुळे फिरलेल्या नळीत उलटापालट ओळखणं अवघड जातं. १६-१७ अक्षांशावर रेषा तीस अंशांनी कललेल्या असतात, तेवढ्यावर निभावतं.

ओढून जुळवलेलं गणित

मोजलेल्या लाटा गणिताने काढलेल्या खगोलीय लाटांशी जोडण्याला ट्यूनिंग म्हणतात. या पायरीवर हात आखडता घ्यावा. प्रत्येक शिखर ओढून लास्कार यांच्या वक्राच्या प्रत्येक शिखराला बांधलं, तर नंतर वर्णपट, म्हणजे कोणत्या लांबीचं चक्र किती जोरकस आहे याचा आलेख, काढल्यावर त्यात ४१ आणि २३ हजार वर्षांची शिखरं दिसणारच. ती तुम्हीच घातलेली असतात. पुरावा म्हणून ती मांडणं चूक आहे, आणि छापील लेखांत ही चूक आजही दिसते. माझ्या मते थोडक्या गाठी माराव्यात, शक्य तर फक्त ४,०५,००० वर्षांच्या लाटेवर, आणि मग न बांधलेल्या लाटा आपोआप जागेवर बसतात का ते पाहावं. उधाण-भांग हीही चांगली कसोटी. संपातचलनाच्या लाटांची उंची कक्षा लांबट असतानाच वाढते का? ठरावीक लांबीच्याच लाटा वेगळ्या काढणाऱ्या अरुंद गणिती गाळणीतून काढलेल्या लाटांवर ही कसोटी लावली तर तीही फसवते, म्हणून गाळणी रुंद ठेवावी.

वर्णपटातल्या ‘९५ टक्के खात्री’च्या रेघेबद्दलही सांगायला हवं. शंभर वारंवारता तपासल्या तर निव्वळ गोंगाटातही पाचेक शिखरं त्या रेघेवर डोकं काढतात. ॲस्ट्रोक्रॉन किंवा ॲसायकल हे मोफत मिळणारे प्रोग्रॅम काही मिनिटांत सुबक आलेख देतात. त्यातलं कोणतं शिखर खरं, ते चाळणीतली वाळू आणि लाटांचं प्रमाण ठरवतं. शिवाय बर्फ वितळायला वेळ लागतो. कलाच्या चक्रामागे बर्फ काही हजार वर्षं रेंगाळतो. शिखराला शिखर टेकवलं की वय तेवढंच चुकतं.

या रीतीचा पाया हिंदी महासागरातच घातला गेला, याचं मला अप्रूप आहे. सर्बियाचे मिलुटिन मिलांकोविच यांनी १९४१ पर्यंत उन्हाचं सगळं गणित हाताने मांडून ठेवलं होतं, पण त्यावर विश्वास बसावा असा पुरावा नव्हता. १९७६ मध्ये जेम्स हेज, जॉन इम्ब्री आणि निकोलस शॅकलटन यांनी दक्षिण हिंदी महासागरातले दोन गाभे, आरसी११-१२० आणि ई४९-१८, जोडून साडेचार लाख वर्षांची नोंद तयार केली. त्यांनी तीन गोष्टी मोजल्या: ऑक्सिजनचं प्रमाण, जीवाश्मांवरून काढलेलं पाण्याचं तापमान, आणि सायक्लाडोफोरा डेव्हिसियाना या एका रेडिओलेरियाची (वाळूसारख्या सिलिकाचं कवच असलेल्या एकपेशी जीवाची) टक्केवारी. तिन्हींत तीच चक्रं निघाली.

१९९० मध्ये शॅकलटन आणि सहकाऱ्यांनी प्रशांत महासागरातल्या ६७७ क्रमांकाच्या ठिकाणच्या गाळावरून सांगितलं की चुंबकीय उलटापालट ७,८०,००० वर्षांपूर्वीची आहे. तेव्हा पोटॅशियम-आर्गॉनने काढलेलं मान्य वय ७,३०,००० होतं. चिखलातली कवचं खडकाच्या किरणोत्सारी घड्याळाला चूक म्हणतात, हे धाडसच होतं. पुढे आर्गॉन-आर्गॉनच्या सुधारित मोजण्यांनी गाळाचीच बाजू खरी ठरवली. २००८ मध्ये तर उलटी गंगा वाहिली. मोरोक्कोतल्या खगोलाने वय ठरवलेल्या थरांमधल्या राखेवरून आर्गॉन पद्धतीचा प्रमाण-नमुनाच नव्याने २.८२०१ कोटी वर्षांचा ठरवला गेला. डायनोसॉर संपले तो काळ सहा कोटी ५५ लाखांवरून जवळजवळ सहा कोटी ६० लाखांवर सरकला तो यातूनच. पारसिकचा डोंगर ज्या काळ्या बेसॉल्टचा आहे, तो लाव्हा त्याच काळाच्या आगेमागे वाहिला होता.

नटराजाखालचा काळ

आपल्या किनाऱ्यासमोर, सुमारे ४७५ किलोमीटर पश्चिमेला लक्ष्मी खोरं आहे. २०१५ च्या मार्चअखेर ते मे या काळात जॉइडेस रेझोल्यूशन या जहाजाने तिथे यू१४५६ आणि यू१४५७ ही दोन ठिकाणं खणली. धनंजय पांडे आणि पीटर क्लिफ्ट या मोहिमेचे प्रमुख होते. साडेतीन हजार मीटरहून खोल पाणी आणि तळाखाली अकराशे मीटरपर्यंत विवर. हिमालय झिजून सिंधू नदीने आणलेला गाळ आणि मोसमी पावसाचा इतिहास त्यात आहे.

पण इथला गाळ शांतपणे बसलेला नाही. सिंधूच्या पंख्यातून, म्हणजे नदीने समुद्रतळावर पसरलेल्या गाळाच्या ढिगातून, वाळूमिश्रित गढूळ प्रवाह येतात आणि काही तासांत जाड थर टाकून जातात. असा एक मीटर म्हणजे ५० हजार वर्षं धरली तर फसलो. ते थर ओळखून खोलीतून वजा करावे लागतात, मगच लाटा मोजायच्या. त्याहून मोठी अडचण नटराज नावाच्या घसरणीची. एक कोटी आठ लाख वर्षांच्या थोडं आधी पश्चिम किनाऱ्यासमोरचा उतार कोसळला आणि सुमारे १९ हजार घन किलोमीटर माल खोऱ्यात आला. यू१४५६ मध्ये त्याची जाडी ३३० मीटर, यू१४५७ मध्ये १९० मीटरच्या आसपास. त्यात वेगवेगळ्या काळातले जीवाश्म एकमेकांत कालवलेले आहेत. तिथे लाटा शोधण्यात अर्थ नाही. घसरणीच्या वर मोजणी नव्याने सुरू करायची आणि तिचा पहिला आकडा नॅनोजीवाश्मांनी द्यायचा.

अखंड लाटा हव्या असतील तर पश्चिमेला ओमानसमोरच्या ओवेन कड्यावर जावं लागतं. कडा आसपासच्या तळापेक्षा खूप उंच असल्यामुळे गढूळ प्रवाह तिथवर चढत नाहीत. १९८७ मध्ये तिथे काढलेल्या गाळात अरबस्तानातून उडून आलेल्या धुळीच्या आणि कवचांच्या लाटा एकामागून एक दिसतात, जुड्यांसकट.

लक्ष्मी खोऱ्यातले गाभे आज जपानमधल्या कोची शहराच्या संग्रहालयात चार अंशांवर ठेवलेले आहेत. संग्रहाचा अर्धा शक्य तेवढा अखंड राखतात आणि कामाच्या अर्ध्यातून संशोधकांना मागणीप्रमाणे दहा-वीस घन सेंटिमीटर कापून पाठवतात. पिशवीवरच्या लेबलवर मोहिमेचा क्रमांक, ठिकाण, विवर, गाभा, तुकडा आणि किती ते किती सेंटिमीटर एवढं लिहिलेलं असतं. चुंबकीय उलटापालटीचं वय ७,३०,००० वरून ७,८०,००० झालं, मग ७,७३,०००. ज्या थरात ती सापडते त्याचे सेंटिमीटर तेच राहिले. वयाचा रकाना त्या लेबलवर नसतो.